पंधरावी मुलगी

"तारीख तेवढी नीट बघून लिवा, सर," म्हणत वर्षाराणीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून जन्माचा दाखला काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

जूनचा दुसरा आठवडा. पाचवीचे प्रवेश चालू होते. आमचे लेखनिक रजेवर, म्हणून रजिस्टर माझ्यापुढं. क्रीडाशिक्षकाला शिट्टी फुंकण्यापलीकडं काम नसतं असा भोरपासून पुण्यापर्यंत सगळ्यांचा समज आहे, त्यामुळं शाळेत कोणीही रजेवर गेलं की त्याचं काम माझ्या गळ्यात पडतं. एरवी मी भरपूर कुरकुरतो. त्या दिवशी मात्र कुरकुर सुचली नाही. बारा वर्षांनी ती माझ्यासमोर उभी होती.

अंगानं थोडी भरली होती. हात मात्र तेच, माणसाच्या मापापेक्षा वीतभर जास्त. शेजारी दहा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. आईचं लक्ष कागदावर आणि मुलीचं लक्ष खिडकीबाहेर, मैदानाकडं.

"बस ना," मी म्हणालो.

ती बसली नाही. माझे विद्यार्थी संसाराला लागले तरी माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत, याचा मला इतर वेळी फार अभिमान वाटतो.

दाखला लॅमिनेट केलेला होता. प्रांजल सोपान. बावीस जानेवारी, दोन हजार पंधरा.

"दुखाया लागलं तसं ह्यास्नी म्हनलं, घरी नगं, दवाखान्यात न्या," वर्षाराणी सांगू लागली. "सासूबाई म्हनत व्हत्या, सुईण हाय की हितं. पर म्या हटून बसले. दवाखान्यात झालं म्हंजी तारीख खरी पडती."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"किकवीला शाळा आहे की गं. एवढ्याशा पोरीला रोज एसटीनं भोरला पाठवणार?"

"हाय ना शाळा. रिंग न्हाई."

मी रजिस्टर उघडलं.

मी कुंडलिक. गेली एकोणीस वर्षं भोरमधल्या या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवतो. 'चिकाटी आणि नेतृत्व' या विषयावर आसपासच्या शाळांतून मला भाषणाला बोलावतात; नसरापूरला तर दोनदा बोलावलं. प्रत्येक ठिकाणी मी वर्षाराणीची गोष्ट सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडतात. पण मी सांगतो ती अर्धीच गोष्ट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, तसं माझं झालं आहे. उरलेली अर्धी आता सांगतो.

चोवीस वर्षांपूर्वी मी बावीस वर्षांचा होतो. पदवी होती, नोकरी नव्हती. त्या सुमारास दुर्गम वस्त्यांवर शाळा निघत होत्या आणि गावातल्या शिकलेल्या पोरांना तिथं शिकवायला घेत होते. मला मिळाली वेल्ह्याच्या डोंगरातली गेनबाची वस्ती. तालुक्याचं नाव आता कागदावर बदललं आहे, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय. एसटी सोडली की दोन तास चढ, मग सात घरं, शंभरेक शेरडं आणि तेवढीच गुरं. गेनबा म्हणजे तिथले सर्वांत म्हातारे गृहस्थ. त्यांनी आपल्या गोठ्याचा अर्धा भाग शाळेला दिला होता. अट एकच होती, पंधरा मुलं भरली पाहिजेत. चौदा भरली तर शाळा नाही, शाळा नाही तर मी नाही.

गेनबांनी शेरडं मोजतात तशी, बोटानं एकेक पुढं सारत, पोरं मोजली.

"चौदा हाईत, मास्तर."

सोमवारी तपासणीला साहेब येणार होते. मी पुन्हा मोजली. चौदाच. तेवढ्यात मला दाराशी बसलेली एक पोर दिसली. मांडीवर शेळीचं करडू घेऊन ती आमची मोजदाद बघत होती.

"ही कोणाची?"

"माझी," धोंडाबाई म्हणाल्या. "ल्हान हाय ती, मास्तर. गेल्या दिवाळीत चार सरली. दोन वर्सांनी बशवा तिला."

वस्तीवर कोणाच्याच जन्माची नोंद नव्हती. अशा ठिकाणी वय ठरवायची एक जुनी रीत आहे. मुलाला उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला सांगायचं. बोटं डाव्या कानाला लागली तर मूल सहा वर्षांचं, शाळेत बसायला लायक. माझंही वय माझ्या मास्तरांनी असंच ठरवलं होतं.

"ये गं इकडं. हात असा घे बरं डोक्यावरून."

तिनं करडू खाली ठेवलं. हात डोक्यावरून नेला आणि कानाला नुसता लावला नाही, तर कानाची पाळी चिमटीत धरून माझ्याकडं बघून हसली. हसली तेव्हा मला तिचे दात दिसले. दुधाचे दात, सगळेच्या सगळे जागच्या जागी. सहा वर्षांच्या पोराचा एखादा तरी दात हललेला असतो. मला ते कळत होतं.

"बाई, हात कानाला लागला," मी म्हणालो.

"हात लांब हाईत तिचं. तिच्या बापाचं बगा की, बिरूचं. त्यो हुबा ऱ्हायला का हात गुडघ्याला लागत्यात."

"नियम आहे, बाई."

धोंडाबाई गप्प झाल्या. नियमापुढं तिथली माणसं गप्प होतात. मी नोंद केली, वर्षाराणी बिरू, जन्म एक जून, वर्ष सहा वर्षांपूर्वीचं. एक जून कारण बाकी चौदांचाही एक जूनच होता. पंधरा मुलं भरली. शाळा मंजूर झाली. तिथला पाच वर्षांचा अनुभव, मधल्या काळातला क्रीडाशिक्षणाचा अभ्यासक्रम, आणि त्या जोरावर ही भोरची नोकरी. माझं घर, माझं पद, शिट्टी, जे काही आहे ते त्या पंधराव्या नावावर उभं आहे.

भोरला आल्यावर मी बास्केटबॉल निवडला तो काही ध्येयबिय म्हणून नव्हे. कबड्डीला जिल्ह्यात मुलींचे संघ चिक्कार, आणि आमचा पहिल्याच दिवशी घरी. बास्केटबॉलला संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन सामने जिंकले की उपांत्य फेरी आणि मुलींना दहावीला खेळाचे गुण. नसरापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन रिंगा करून घेतल्या. एक आजही जराशी उजवीकडं झुकलेली आहे. आमच्या मुली त्या रिंगेत अचूक टाकतात आणि पुण्यात जाऊन सरळ रिंगेत चुकतात, असा विनोद मीच करतो.

वर्षाराणी चौथीनंतर दोन वर्षं शेरडांमागं हिंडली. मग भाटघरला मावशीकडं राहायला आली आणि आमच्या शाळेत पाचवीत बसली. पाचवी-सहावीला तेव्हा माझे तास नसायचे; ती सातवीत असताना एकदा सुटलेला बॉल तिच्या डोक्यावरून चालला होता. तिनं मागं न बघता एक हात वर केला आणि तो झेलला. त्या हातावरूनच मी तिला ओळखलं. लई आनंद झाला मला. माझीच विद्यार्थिनी, म्हणून मी सगळ्या शिक्षकांना सांगत सुटलो.

पुढची तीन वर्षं ती पहाटे भाटघरहून चालत यायची. मी साडेसहाला पोचायचो तेव्हा मैदान झाडून झालेलं असायचं. मैदानाचा माझा एक नियम होता: पांढऱ्या रेषेच्या आत चप्पल घालून यायचं नाही. बूट नसतील तर अनवाणी. ती दोन वर्षं अनवाणीच खेळली. समोरच्या पोरीला अडवताना तिच्या डोळ्यांकडं बघायची नाही, खांद्याकडं बघायची. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, "शेरडू पळायच्या आदी खांदा वळवतंय, सर." मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या तुकडीला माझं म्हणून शिकवलं.

नववीत मी तिला कप्तान केलं. मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या असत. सगळ्यांत वेगवान तीच, पण पळायची सगळ्यांत मागं, धापा टाकणाऱ्या शिवानीच्या बरोबरीनं.

मी ओरडलो, "कप्तान पुढं असतो गं!"

"रानात जी लंगडी आसती ना सर, तिच्या चालीनं चालावं लागतंय," ती पळता पळता म्हणाली. "न्हाई तर सांजच्याला मोजताना एक कमी भरतं."

नेतृत्वावरचं एवढं शहाणपण मला कोणत्या शिबिरात मिळालं नाही. भाषणात हे वाक्य सांगितलं की हमखास टाळी पडते.

माझा दुसरा नियम होता हात वर करण्याचा. खेळात धक्का लागला, हात लागला, फाउल झाला, की जिच्याकडून झाला तिनं आपणहून हात वर करायचा. जुनी पद्धत आहे. आता पंच तिचा आग्रह धरत नाहीत, पण मी धरायचो. पंचानं बघितलेलं नसलं तरी हात वर. रोज सरावाच्या शेवटी मी पोरींकडून म्हणून घ्यायचो, "चूक कोणाची?" आणि सगळ्या हात वर करून ओरडायच्या, "माझी!"

त्याच वर्षी आम्ही पुण्यात जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत पोचलो. समोर शहरातली मोठी शाळा. त्यांच्या प्रत्येकीची पाण्याची बाटली वेगळी, आमच्या सगळ्यांत मिळून एक कॅन. शेवटचं दीड मिनिट उरलं होतं आणि आम्ही एका गुणानं पुढं होतो. रिंगेखाली झुंबड उडाली, त्यांची मुलगी बॉल टाकताना पडली, शिट्टी वाजली आणि पंचांनी शिवानीकडं बोट केलं. शिवानीचा तो दुसराच फाउल झाला असता, काही बिघडत नव्हतं. वर्षाराणीचे मात्र चार झाले होते, आणि पाचव्याला खेळाडू मैदानाबाहेर जातो. तेवढ्यात मला तो लांब हात सरळ वर गेलेला दिसला.

"मी, सर. हात माझा लागलाय," ती पंचांना सांगत होती.

पंच गोंधळले. मग त्यांनी तिचा पाचवा फाउल लिहिला. ती रेषेबाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या टेम्पोत मी नसरापूरपर्यंत पुढं ड्रायव्हरशेजारी बसून राहिलो. तिथं चहाला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही.

"पंचांनी बघितलं नव्हतं, वर्षे."

"पर मला ठावं व्हतं की, सर. शिवानीच्या नावावर पडलं असतं."

ही झाली भाषणातली अर्धी गोष्ट. इथं मुली टाळ्या वाजवतात आणि मी खाली बसतो.

पुढच्या वर्षी ती दहावीत गेली. जिल्हा आम्हीच जिंकणार, हे पुण्याच्या शाळांनाही कळून चुकलं होतं. सतरा वर्षांखालील मुलींचा अर्ज भरायला मी याच टेबलाशी बसलो होतो. नावं लिहिली, जन्मतारखांच्या रकान्यात आलो आणि वर्षाराणीच्या ओळीला पेन थांबलं. त्या स्पर्धेला त्या वर्षीच्या ठरलेल्या एक जानेवारीनंतर जन्मलेल्या मुलीच चालत होत्या. वस्तीच्या शाळेनं दिलेल्या दाखल्यावरची तिची तारीख सात महिने आधीची होती. खरी धरली तर ती अकरा महिन्यांनी आत बसत होती. दाखल्यावरचं अक्षर कोणा लेखनिकाचं होतं, पण तारीख माझी होती.

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "मुलगी शाळेत शिकतेय तोवर तारीख दुरुस्त होऊ शकते. पण ज्या शाळेनं पहिली नोंद केली तिनं चूक कबूल केली पाहिजे. आठ दिवस आहेत तुमच्याकडं, कुंडलिकराव, पळा."

शनिवारी वस्तीवर गेलो. तिथं आता कुमार नावाचा तरुण शिक्षक होता. त्यानं जुनं रजिस्टर काढलं.

"नोंद तुमच्या काळातली हाय, सर. तुमी चार ओळी लिहून द्या, वय अंदाजानं लिहिलं, पोर लहान व्हती म्हणून. मी शाळेचं पत्र जोडतो. बघू, साहेब ऐकतील बी."

शाळेच्या उंबऱ्यावर बसून मी पत्र लिहिलं. लिहून वाचलं. आणि वाचता वाचता माझ्या डोक्यात पुढचे प्रश्न सुरू झाले. साडेचार वर्षांची पोर सहाची का लिहिली? पंधरा भरावीत म्हणून. म्हणजे मुलं पंधरा नव्हतीच? मग शाळा मंजूर कशी झाली? मग तुमचा अनुभव खरा कसा? चौकशी लागली तर कुमारचीही नोकरी जाईल, असं मी स्वतःला बजावलं. माणूस आपल्या भित्रेपणाला दुसऱ्याचं नाव फार चटकन देतो. मी पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि कुमारला म्हणालो, "दोन दिवसांत पाठवतो."

तिथून धोंडाबाईंच्या घरी गेलो. वर्षाराणी शनिवारी घरी आली होती, दावणीला करडं बांधत होती. धोंडाबाईंनी मला तांब्यात ताक दिलं.

"वर्षे, दाखल्यावर तुझं वय जास्त पडलंय," मी म्हणालो. "या वर्षी तुला खेळता येणार नाही. कुणीतरी तारीख चुकीची टाकली. आता कागदाला इलाज नाही."

कुणीतरी. हा शब्द माझ्या तोंडून कसा सहज निघाला, हे मला अजून कळलेलं नाही.

ताकाचं मडकं झाकता झाकता धोंडाबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पण दारी आलेल्या मास्तराला त्या काय बोलणार? त्यांनी माझ्या तांब्यात आणखी ताक ओतलं, एवढंच.

वर्षाराणीनं करडाच्या गळ्यातली दोरी सारखी केली. मग म्हणाली, "मंग शिवानीला कप्तान करा, सर. ती रडंल आदी, पर करंल."

पुढच्या आठवड्यात शर्ट धुवायला टाकला तेव्हा खिशातून कागदाचा लगदा निघाला.

मला वाटलं होतं, ती आता सरावाला येणार नाही. सोमवारी साडेसहाला मैदान झाडलेलं होतं. संपूर्ण मोसम ती रेषेबाहेर उभी राहून शिवानीला ओरडून ओरडून शिकवत होती. पुण्याला पाण्याचा कॅन घेऊन आली. त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो. तिनं घडवलेल्या पोरी जिंकल्या, मी शिट्टी वाजवली. संघाचा फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, "खेळाडू सोडून बाकीच्यांनी बाजूला व्हा," आणि ती झाली. तो फोटो कार्यालयात लागलेला आहे. त्याच्या डाव्या कडेला कॅन धरलेला एक हात तेवढा आलाय. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि सत्काराला उत्तर देताना मी पहिल्यांदा चिकाटी आणि नेतृत्वावर बोललो.

ती दहावी पास झाली. अकरावीला भोरच्याच कॉलेजात घालायची, तिथं एकोणीस वर्षांखालचा संघ बांधायचा, असे बेत मी करत होतो. मे महिन्यात बिरू पत्रिका घेऊन आले. किकवीचं स्थळ होतं, मुलाचा टेम्पो होता. लग्न पाच जूनला. मी पत्रिकेवरची तारीख दोनदा वाचली. एक जूनला ती कागदावर अठरा पूर्ण करत होती. खरं वय साडेसोळा.

लग्नाला गेलो. मांडवात धोंडाबाई एकट्या सापडल्या तेव्हा धीर करून म्हणालो, "बाई, पोर लहान आहे हो अजून. दोन वर्षं थांबला असता."

त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही.

"आता ल्हान व्हय? तवा तर हात कानाला लागला म्हनला व्हता, मास्तर. गावात समद्यांनी इचारलं, वय झालंय का. तुमचाच कागुद दावला."

मंगलाष्टकं सुरू झाली. कोणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या. मी त्या टाकल्या. तिथून मी बाहेर पडू शकलो असतो, बोलू शकलो असतो, निदान हाताची मूठ मिटलेली ठेवू शकलो असतो. मी चांगल्या दोन मुठी टाकल्या.

त्यानंतर आज ती समोर आली होती.

मी रजिस्टरमध्ये लिहू लागलो. प्रांजल सोपान. बावीस, शून्य एक, दोन हजार पंधरा. प्रत्येक आकडा दाखल्याशी ताडून लिहिला. प्रांजल तोवर दारातून मैदानाकडं पळाली होती.

"वर्षे," मी मान वर न करता म्हणालो, "तुझी तारीख..."

"ठावं हाय मला."

मी वर बघितलं. ती भिंतीवरच्या त्या फोटोकडं बघत होती.

"आयनं सांगितलं व्हतं. तुमी ताक पिऊन डोंगार उतरला ना, त्याच सांजंला."

"तेव्हाच?"

"व्हय."

म्हणजे तो सगळा मोसम तिला माहीत होतं. रोज पहाटे मैदान झाडताना, कॅन उचलताना, सरावाच्या शेवटी मी "चूक कोणाची?" म्हणून ओरडायचो आणि रेषेबाहेरून ती हात वर करायची, तेव्हाही. मला खुर्चीत बसवेना आणि उठवेना.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं, सर? मी नसते तर पंधरा भरली नसती. शाळा झाली नसती. त्या चौदांत माजी दोन भावंडं व्हती." तिची नजर फोटोवरून माझ्याकडं वळली. "खेळ गेला, त्याचं वाईट वाटलं. लगीन लवकर झालं, ते बी वाईटच वाटलं. सोपान चांगला हाय, आता काय न्हाई त्याचं. पर तुमी 'कुणीतरी' म्हनला, सर. त्येवढं लई दिस डोक्यात ऱ्हायलं. तुमी 'म्या लिवली' म्हनला असता ना, तर म्या त्या सोमवारी बी झाडू घिऊन आलेच असते."

बाहेर बॉल आपटल्याचा आवाज येत होता. बारा वर्षांत मी या क्षणासाठी पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी बाजूला ठेवली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मीच लिहिली होती."

"व्हय," ती म्हणाली.

असू द्या म्हणाली नाही. झालं गेलं म्हणाली नाही. हिशेब मांडला नाही की डोळे पुसले नाहीत. पंचांनी शेवटी बरोबर खेळाडूचं नाव लिहिलं की खेळणारा जशी मान हलवतो, तेवढीच तिनं मान हलवली. मग दाखला पुन्हा पिशवीत घालता घालता तिनं विचारलं, "सराव आजून साडेसहालाच आसतो का, सर? किकवीची पयली गाडी हितं सातला येती."

"सात वाजता सुरू करू," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत सरावाची वेळ मी कोणासाठी बदलली नव्हती.

आम्ही बाहेर आलो. प्रांजलनं कपाटाबाहेर राहिलेला एक जुना बॉल शोधून काढला होता आणि त्या झुकलेल्या रिंगेखाली ती एकटीच उड्या मारत होती. हात आईचे. बॉल रिंगेला लागून परतला, टप्पे खात रेषेकडं आला. वर्षाराणी रेषेपाशी उभी होती. बॉल तिच्या पायाशी थांबला.

तिनं तो उचलला. दोन्ही हातांत धरला आणि क्षणभर रिंगेकडं बघितलं. तिथून टाकला असता तर पडला असता, मला खात्री आहे. तिनं पदरानं बॉलवरची धूळ पुसली, पळत आलेल्या लेकीच्या हातात तो दिला आणि म्हणाली, "खांद्याकडं बग, डोळ्याकडं न्हाई."

उन्हानं फरशी तापली होती, तरी ती अनवाणी उभी होती. चपला तिनं कधी काढल्या ते मला दिसलं नव्हतं. रेषेच्या बाहेर त्या शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या. आत मात्र ती आली नाही.